अडीच हजारांचं तिकीट आणि चिपीचा सडा

[दृश्य: विमानाच्या खिडकीतून किनारा]

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं देवबाग. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पाण्याचे दोन रंग वरून स्पष्ट वेगळे दिसतात. पलीकडच्या तीरावर भोगवे. इथवर यायचं तर मुंबईकराला रात्रभर बसमध्ये अंग आंबवावं लागायचं. विमानानं तेच अंतर तासा-सव्वा तासावर आणलं.

[दृश्य: सडा, धावपट्टी]

परुळ्याजवळचा चिपीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. खाली जांभा दगड, वर माती जेमतेम नखभर. उन्हाळ्यात कातळ नुसता तापलेला असतो, आणि पाऊस पडला की त्याच कातळावर रानफुलं येतात. या सपाट माथ्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ला मुंबईहून नेहमीची विमानसेवा सुरू झाली. तिकीट होतं अडीच हजारांच्या घरात.

[दृश्य: विमानाचे पंखे जवळून]

हे पंखे नीट बघा. एटीआर ७२ जातीचं हे विमान. सत्तरेक प्रवासी घेतं. जवळच्या पल्ल्याला जेटपेक्षा बरंच कमी इंधन पितं आणि थोडक्या प्रवाशांत भरतं. दीडशे-पावणेदोनशे जागांचं विमान सिंधुदुर्गासाठी रोज भरणं कठीण, सत्तर जागा भरतात. तिकीट स्वस्त होण्याचं एक कारण हे.

दुसरं कारण हिशेबाच्या वहीत आहे. लहान शहरं स्वस्त विमानसेवेनं जोडायला केंद्र सरकारनं २०१६मध्ये ‘उडान’ योजना आणली. तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. यात साधारण निम्म्या जागांचं भाडं सरकार बांधून देतं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ते अडीच हजार होतं. एवढ्या भाड्यात कंपनीला येणारी तूट सरकार भरतं, आपल्याकडे ८० टक्के केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याच्या तिजोरीतून. केंद्राचा निधी उभा राहतो तो मोठ्या शहरांमधल्या विमानांवर लावलेल्या आकारातून. म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा प्रवासी परुळ्याला उतरणाऱ्याच्या तिकिटाला हातभार लावतो. यात गैर काय? रस्ते आणि रेल्वेही आपण असेच उभे केले. राज्यानंही अशा विमानतळांवर इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा असतो. फक्त ही भरपाई मिळते तीन वर्षं. हा आकडा लक्षात राहू द्या.

[दृश्य: मालवणचा धक्का, होड्या, सिंधुदुर्ग किल्ला]

सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं ते १९९७मध्ये. १९९८मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. तरी गणपतीत आणि मे महिन्यात रेल्वेच्या जागा गावी निघालेल्या चाकरमान्यांनाच पुरत नाहीत. बाहेरचा पर्यटक जायचा गोव्याला, आणि हा जिल्हा त्याच्या वाटेत लागायचा. फार तर मालवणात थांबून तो किल्ला बघे. १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. होडी परत धक्क्याला लागली की गाडी निघाली पणजीकडे.

प्रवासातला दिवस वाचला की तो जिल्ह्यात खर्च होतो. तो कुठे होतो, ते पुढे दिसेल.

[दृश्य: पहाट, रापण]

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. किनाऱ्यावरून होडी निघते, जाळं सोडत अर्धवर्तुळ करून पुन्हा किनाऱ्याला येते. दोन्ही टोकांचे दोर दोन टोळ्या ओढायला घेतात. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं, लयीत मागे सरकायचं. शेवटचा माणूस दोर सोडतो आणि धावत पुढे पाण्याजवळ येऊन पुन्हा धरतो. दोन्ही टोळ्या हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात. जाळ्याचा खोलगट भाग काठाला लागेपर्यंत आत काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. कधी तारली, कधी बांगडा, कधी मूठभर पेडवे. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. दोराला हात लावलेले हे शहरी पाहुणे बघा. शेजारच्याच घरात न्याहारी-निवासाला उतरलेत. दुपारी याच माशाचं तिखलं त्यांच्या ताटात येईल, आणि ताटाचे पैसे त्याच वाडीत राहतील.

[इथे निवेदन नाही. दोर ओढणाऱ्यांचे आवाज.]

[दृश्य: पिंगुळी, चित्रकथी]

कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले, एकेक पान उचलून धरायचं आणि त्यावरची कथा गाऊन सांगायची. डोळे केवढे मोठे काढलेत ते पाहा, आणि चेहरे बहुतेक एका बाजूनं. याच घरांमध्ये कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांचा खेळही पिढ्यान् पिढ्या जपला गेला. ही कला सांभाळणारे परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, चिपीला विमान आलं त्याच वर्षी. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा आश्रय गेल्यावर या कलेला बघणारा माणूसच हवा होता. तो आता मुक्कामाला आला तर पिंगुळीपर्यंत पोचतो.

[दृश्य: विमानतळ, मोकळ्या खुर्च्या]

जानेवारी २०२३मध्ये सीमेपलीकडे गोव्यात मोपाचा मोठा विमानतळ सुरू झाला. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘उडान’ची तीन वर्षं पुरी झाली आणि मुंबईचं ते विमान थांबलं. त्याच्या थोडं आधी, ऑगस्टच्या अखेरीस, पुण्याहून चिपीला ‘फ्लाय ९१’ या कंपनीचं विमान सुरू झालं होतं. तेही एटीआरच. पुण्याच्या माणसाला घाट न उतरता कोकण गाठायची सोय झाली.

[दृश्य: देवबागची धूप, कचऱ्याच्या पिशव्या]

गर्दीबरोबर प्लास्टिक आलं, विहिरींवर ताण आला, जमिनींचे भाव चढले. त्याची व्यवस्था ग्रामपंचायतींच्या हातात पैसा आणि माणसं देऊनच लागेल.

[दृश्य: उड्डाण, खाली सडा]

२०२५च्या अर्थसंकल्पात ‘उडान’चा नवा टप्पा जाहीर झाला: दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं, चार कोटी प्रवासी. नवी ठिकाणं जोडावीतच. पण वर्षातले पावसाळी महिने जिथे होड्या आणि स्कूबा बंद असतात, तिथल्या मार्गाला तीन वर्षांत पायावर उभं राहा म्हणणं अन्यायाचं आहे. अशा जिल्ह्यांना भरपाईची मुदत पाच-सहा वर्षं हवी. ती केंद्रानं वाढवली नाही तर महाराष्ट्रानं स्वतःच्या तिजोरीतून द्यावी, आणि मुंबई-चिपीचं वेळापत्रक निदान एक हंगाम आधी जाहीर व्हावं, म्हणजे वाडीतल्या घरमालकाला खोल्यांचं आरक्षण घेता येईल.