डायनामोच्या दोन तारा

(दृश्य: पत्र्याची शेड. समोरच्या उतारावर जुना लाल मॅसी, मागच्या चाकाला दगड.)

ट्रॅक्टर उतारावर लावलेला दिसला की जाणता माणूस ओळखतो, सेल्फ घेत नाही. दगड काढायचा, गाडी सोडायची, गिअरवर क्लच सोडला की इंजिन पकडतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी मेलेली असली तरी दिवसभर नांगरट होते. म्हणूनच चार्जिंग बंद पडलेलं महिनोन्‌महिने कळत नाही, आणि कळतं तेव्हा दोष बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, तीही पंधरा दिवसांत उतरते.

(दृश्य: बॉनेट उघडलं आहे. इंजिनच्या बाजूला गोल, लांबट डायनामो, बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा.)

मॅसी फर्ग्युसन ३५ इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनायचा. १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली आणि त्याच घराण्यातला १०३५ आपल्याकडच्या शिवारात रुळला. या पिढीच्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर नाही, लुकास या ब्रिटिश कंपनीचा डायनामो आहे. ट्रॅक्टरवरचं त्याचं सी-४० ए मॉडेल जास्तीत जास्त ११ अँपियर देतो, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास. दोन हेडलाइट आणि मागचा दिवा, एवढाच त्याचा संसार. छतावर डेक आणि चार जादा दिवे चढवले, तर निर्दोष डायनामोही पुरा पडणार नाही.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर व्होल्टमीटर १२.६ व्होल्ट दाखवत असेल, तर ती भरलेली आहे. इंजिन सुरू करून मध्यम रेसवर आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला पाहिजे. मंद रेसवर चढला नाही तर घाबरू नका, डायनामो तिथे झोपलेलाच असतो. बेल्ट अंगठ्याने दाबून अर्धा ते पाऊण इंच दबला पाहिजे. घासून चकाकणारा बेल्ट ताणूनही घसरतोच, तो बदला.

(दृश्य: डायनामोच्या मागच्या टोकावर दोन टर्मिनल, एक मोठं, एक छोटं.)

आता खरी परीक्षा. इंजिन बंद. मोठं टर्मिनल ‘डी’, डायनामोचा करंट बाहेर देणारं; छोटं ‘एफ’, आतल्या फील्ड कॉइलचं. दोन्ही तारा सोडा, खूण करून ठेवा. दोन्ही टर्मिनल उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटरची एक पिन त्या तुकड्यावर, दुसरी डायनामोच्या अंगावर. गळ्यातला गमछा काढून ठेवा, पंखा हाताजवळच फिरणार आहे. इंजिन सुरू करून रेस हळूहळू वाढवा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका. या जोडणीत त्याला आवरणारा कोणी नाही, रेस वाढवत राहिलात तर कॉइल जळेल.

आकडा काय सांगतो? काहीच नाही, तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागावर टेकणारे ब्रश, पाहा: झिजलेले, अडकलेले किंवा स्प्रिंग ढिली. अर्ध्या ते एक व्होल्टवर थांबला, तर फील्ड कॉइलचा, म्हणजे अंगात बसवलेल्या स्थिर गुंडाळीचा संशय. ‘एफ’ आणि अंगामधला रोध साधारण ६ ओहम यायला हवा. चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचर, म्हणजे आत फिरणारी गुंडाळी.

कम्युटेटर, म्हणजे कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा असेल, तर झिरो नंबरच्या काचपेपरने पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या खाचेत रुततात. मागच्या टोकाला बेअरिंग नाही, बुश आहे. त्याला तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त ओतलं की तेच तेल कम्युटेटरवर जातं. बुश झिजला, की आर्मेचर आतल्या लोखंडाला घासतं, आणि मग कितीही कार्बन बदला, उपयोग नाही.

(दृश्य: काळ्या झाकणाचा कटाऊट, डायनामो आणि बॅटरीच्या मधला आपोआप जुळणारा-तुटणारा स्विच.)

डायनामो पास झाला, तर दोष पुढे आहे. जोडलेला तुकडा तसाच ठेवून तारा परत डायनामोला लावा. मग कटाऊटकडचं ‘डी’चं टोक सोडून तिथे मोजा. डायनामोवर मिळाला तोच आकडा मिळाला पाहिजे. नंतर ‘एफ’चं टोक. कमी आला, तर ती तार आतून तुटत आली आहे. झाल्यावर तुकडा काढायला विसरू नका.

मग अर्थिंग, म्हणजे अंगाशी असलेली जोडणी. कटाऊटच्या ‘ई’ (अर्थ) टर्मिनलचा संपर्क रंगाखाली, गंजाखाली हरवतो. तिथून डायनामोच्या अंगापर्यंत वेगळी तार ओढली, तर कितीतरी न सुटणारी दुखणी सुटतात. कटाऊटचे पॉइंट १२.७ ते १३.३ व्होल्टला बंद व्हायला हवेत. त्यांना बारीक काचपेपर चालतो. शेजारच्या, व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या पॉइंटला मात्र कार्बोरंडमचा बारीक दगड लागतो. कटाऊटचे पॉइंट चिकटले, तर इंजिन बंद केल्यावरही बॅटरी डायनामोतून रिकामी होत राहते आणि तारा तापतात. अशा वेळी लगेच बॅटरीची तार काढा. सेटिंगचा स्क्रू अंदाजाने फिरवू नका. तो त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्यावरच बसवायचा असतो.

डायनामो उघडून दुरुस्त केला असेल किंवा बॅटरी उलटी लागली असेल, तर डायनामोला ध्रुव, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशा, परत द्यावी लागते. बॅटरीचं कोणतं टर्मिनल ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलं आहे ते आधी पाहा. जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये पुष्कळदा पॉझिटिव्ह अंगाला असतं. ‘एफ’ची तार सोडा. बॅटरीचं जे टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेलं नाही, त्यापासून एक तार आणून डायनामोच्या ‘एफ’ला दोन-तीनदा नुसती टेकवा. बारीक ठिणगी दिसेल, तेवढं पुरे. ‘एफ’ची तार न सोडता हे केलं, तर कटाऊट जाण्याची भीती.

(दृश्य: अँपियर मीटरचा काटा.)

सेल्फ मारल्यावर काटा चार्जकडे उडी घेतो, आठ-दहावर जातो. तासाभराने एक-दोनवर उतरतो. तो उतरला म्हणून झाकण उघडू नका. बॅटरी भरत आली, तिला आता कमी लागतंय.