ते मागे का नाही फिरले?

मंडळी, मघाशी मुलांच्या कार्यक्रमात माझा मुलगा 1965 च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात गेलेल्या कर्नल तारापोर यांच्यावर बोलत होता, तेव्हा पुढच्या रांगांत थोडी कुजबुज झाली. ती मला ऐकू आली. त्याचं भाषण लिहून झालं तेव्हाच आम्हाला निरोप आला होता की शेवटचा प्रश्न गाळा, प्रजासत्ताक दिनाला तो बरा दिसणार नाही. त्यावरून आमच्या घरात चांगलाच वाद झाला. यजमान म्हणाले, गाळून टाकू, कशाला कोणाला दुखवायचं. मी नाही म्हटलं. आज मला बोलायला वेळ दिलाय, तर तो मी त्या प्रश्नासाठीच घेणार आहे.

प्रश्न तुम्ही ऐकलातच. "त्यांना लागलं होतं. मागे जा म्हणून सांगितलं होतं. घरी त्यांची मुलं होती. मग ते मागे का नाही फिरले?"

हा प्रश्न त्याला पडला तो आर्वीकडच्या आमच्या गावात, माझ्या माहेरच्या ओसरीवर. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती, तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, रात्री सोले-वांगं आणि भाकर. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडाला आत्ता पाणी सुटलं असेल! जेवणं झाल्यावर लेकरू सगळ्यांसमोर भाषण म्हणून दाखवत होतं. विषय त्याने स्वतः निवडला होता, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर.

नाव ऐकताच माझ्या मामांनी विचारलं, "आपल्या इकडचा होता का थो?"

मी सांगितलं, पारशी, जन्म मुंबईचा, 1923 चा. शाळा पुण्यात झाली. आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते. तिथे एका शिकाऊ जवानाच्या हातून जिवंत बॉम्ब भलतीकडेच पडला, तर यांनी धावत जाऊन तो उचलून लांब फेकला आणि छातीवर जखमा घेतल्या. संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय फौजेच्या पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये आले. त्यांच्या घराण्यात असंही सांगतात की पूर्वज शिवाजी महाराजांच्या फौजेत होते. एवढं ऐकल्यावर मामा खूश झाले. "मंग आपलाच हाय!"

मामांवर माझी माया आहे, म्हणून तिथे काही बोलले नाही. इथे बोलते. पूर्वज महाराजांच्या फौजेत नसते, तर हा माणूस आपला नसता का? इथे परदेशात, आपल्या मंडळातही नवीन कुटुंब आलं की आपण आधी आडनाव विचारतो, मग जिल्हा, आणि मग हळूच अजून काहीतरी काढून घेतो. हा माणूस 1965 साली पाकिस्तानातल्या सियालकोटच्या आघाडीवर एका रेजिमेंटचा प्रमुख होता. त्याच्या हाताखालच्या जवानांनी त्याला असलं काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

तिथे काय झालं ते मुलाने सांगितलंच, तरी मला ते पुन्हा सांगायचंय. 11 सप्टेंबरला त्या भागातलं फिलोरा गाव घ्यायची कामगिरी पूना हॉर्सवर होती. वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांनी जोराचा प्रतिहल्ला केला. तारापोर जागचे हलले नाहीत. त्यात ते जखमी झाले आणि मागे जायला त्यांनी नकार दिला. 14 तारखेला त्यांनी वझीरवाली घेतली. 16 तारखेला जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांदी. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी तिथल्याच चाविंडा गावावर मागून चाल करणाऱ्या पायदळाला ते आधार देत राहिले. त्या दिवशी त्यांचा रणगाडा पेटला आणि ते गेले. वय 42. मानपत्रात नोंद आहे की त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे 60 रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे फक्त 9 गमावले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या युद्धात ते दोघांनाच मिळालं, अब्दुल हमीद यांना आणि यांना.

आणि तेवढंच सांगून मी थांबणार नाही. चाविंडा आपल्या हाती आलं नाही. 23 सप्टेंबरला युद्धबंदी झाली, जानेवारीत ताश्कंदचा करार झाला आणि जिंकलेला मुलूख परत द्यावा लागला. ओसरीवर मी हे बोलले तेव्हा माझे बाबा चिडले, लेकरापुढे कशाला बोलते म्हणाले. पण लेकरू इंटरनेटवर वाचणारच आहे. त्यापेक्षा ते आपल्या तोंडून ऐकू दे.

लढाईआधी तारापोर यांनी आपल्या एका अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मला काही झालं तर माझा दहनविधी इथेच, रणांगणावर करा. माझं प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि पेन मुलाला. पारशी माणूस, आणि अग्नी मागून घेतला, तोही तिथेच. तसंच झालं. माझा मुलगा या पेनापाशीच अडला. म्हणजे त्यांना मुलांची आठवण होती, तो म्हणाला. विसरून नव्हते गेले. मग का नाही फिरले?

कोणीच बोलेना. शेवटी शेजारच्या काकू बोलल्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सध्या वर काश्मीरकडे. त्या म्हणाल्या, "साहेबच मांगं फिरला त बाकीचे पोट्टे कोणाच्या तोंडाकडं पायतीन, बापू?" हे मला पटलं. पण बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्याला लावला. तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "पण त्यांच्या मुलांनी कोणाकडे बघायचं?" याला काकूंकडे उत्तर नव्हतं, बाबांकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. असा प्रश्न गाळून मुलाला आपण काय शिकवणार होतो? त्यांच्या मुलांचं काय झालं असेल हे मनात न येता वाजवलेली टाळी मला नको.

1965 साली आपली गावं लांब होती म्हणून स्वस्थ नव्हती. शास्त्रीजींनी सोमवारचं संध्याकाळचं जेवण सोडा म्हटलं, तर माझ्या आजीने ते सोडलं ते कायमचं. घरात कसले सुकाळ होते म्हणून नव्हे. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन मोझरीहून थेट सीमेवर गेले, जवानांपुढे भजनं म्हणायला. आपण तिथून आलोय. आणि आता आपल्या समितीत चर्चा कसली, तर देशभक्तिगीतांचा कार्यक्रम जेवणाआधी ठेवायचा की नंतर. रागावू नका, त्या चर्चेत मीही होते.

आपल्यातल्या किती जणांना आपलं मूल कुठल्याही देशाच्या फौजेत जावं असं वाटतं? हात वर करायला सांगत नाही. आमच्या गावी मात्र पहाटे रस्त्यावर पोट्टे धावत असतात. पायात साधे बूट, कोणाच्या हातात मोबाईलचं घड्याळ. कापसाला भाव नाही, बापाच्या डोक्यावर कर्ज, आणि फौज हा दिसणारा एक रस्ता. देशप्रेम त्यांच्यात कमी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. परिस्थितीही त्यांना पळवते, एवढंच. 2022 पासून नवीन भरती चार वर्षांची झाली. त्यानंतर जास्तीत जास्त चारातल्या एकाला पुढे ठेवतात.

त्यातल्या एकाने निघायच्या आदल्या दिवशी मला फाटकाशी गाठलं. बारावी झालेला, हुशार. म्हणाला, "ताई, चार वर्षांनी बाहेर निघालो त तिकडं काही काम भेटते का?" आधी भरती तर होऊ दे, असं मी म्हणाले, पण तो हसला नाही. त्याने नंबर दिलाय. त्याला काय कळवायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इथे कोणाला या बाबतीत काही ठाऊक असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा. मी खिडकीजवळच्या टेबलाशी आहे.