संत्र्याच्या बागेतला पाचोळा आणि एका पेशीतले तांबे

विद्यार्थी मित्रहो आणि शेतकरी बंधूभगिनींनो,

वरुड-मोर्शीच्या या पट्ट्यात मोरचूद ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. डिंक्या रोगाच्या बंदोबस्तासाठी आपण संत्र्याच्या बुंध्याला मोरचूद, म्हणजे तांब्याचे क्षार, आणि चुना यांची बोर्डो पेस्ट लावतो. त्यातले तांबे औषधाचे काम संपले म्हणून नाहीसे होत नाही. पावसाबरोबर आणि गळालेल्या पानांबरोबर ते मातीत उतरते. पाचोळा खाणाऱ्या जिवाच्या शरीरात त्याचे पुढे काय होते, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

ओल्या पाचोळ्याखाली किंवा कुंडीखाली सात जोड्या पायांचा, करडा, चपटा जीव तुम्ही पाहिला असेल. आपण त्याला सरसकट किडा म्हणतो. पण तो कीटक नव्हे, खेकडा आणि झिंगा यांच्या कुळातला, जमिनीवर स्थायिक झालेला कवचधारी प्राणी आहे. शास्त्रात त्याला आयसोपॉड म्हणतात. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायानिन तांब्यावर चालते, त्यामुळे तांबे ही त्याची गरजच आहे. गरजेपेक्षा जास्त आलेले तांबे तो पाचक ग्रंथीत साठवतो. ही ग्रंथी म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, बहुधा चार, बारीक नळ्या. त्यांच्या भिंतीत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात.

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन पातळ छेदातून आरपार सोडून प्रतिमा घेणाऱ्या उपकरणाखाली, या दोन्ही पेशी शेजारी-शेजारी दिसतात. मोठ्या 'बी' पेशी घुमटासारख्या नळीच्या पोकळीत फुगलेल्या असतात. त्यांत मेदाचे थेंब आणि ग्लायकोजेन साठलेले असते, आणि त्यांतील द्रव्य दैनंदिन चक्रानुसार पोकळीत सोडले जाते. त्यांच्यामध्ये दबून बसलेल्या लहान, पाचरीसारख्या 'एस' पेशींत मात्र गडद, गोलसर कण दिसतात. तांबे आणि गंधक यांचे हे कण रंजक (रचना उठून दिसावी म्हणून लावायचे द्रव्य) न लावताही काळे उमटतात, कारण इलेक्ट्रॉनांना अडवण्याइतके जड अणू त्यांत मुळातच असतात. 'बी' पेशी आतले द्रव्य टाकून देते, 'एस' पेशी बहुधा ते धरून ठेवते. म्हणूनच हा प्राणी प्रदूषणाची नोंद ठेवणारा साक्षीदार ठरतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथ येथील जस्त-शिसे प्रगालन (धातू वितळवून काढण्याच्या) कारखान्याच्या परिसरात आयसोपॉडांचा अभ्यास याच हेतूने झाला.

आता सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करण्याकडे वळू, कारण छायाचित्रावर किती विश्वास ठेवायचा ते इथेच ठरते. ही ग्रंथी पाचक विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेली असल्यामुळे प्राणी मेल्याबरोबर पेशी स्वतःलाच पचवू लागते. म्हणून ग्रंथी काढताक्षणी थंड ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकावी लागते. त्याने प्रथिने जागच्या जागी बांधली जातात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइडने मेद स्थिर होतो, पाणी काढून राळ भरतात आणि हिऱ्याच्या किंवा काचेच्या पात्याने 60 ते 80 नॅनोमीटर जाडीचे छेद घेतात. नेहमीच्या पद्धतीत हे छेद तांब्याच्या जाळीवर ठेवून त्यांना युरेनिल अॅसिटेट आणि लेड (शिसे) सायट्रेट ही रंजके लावतात. पेशीची रचना पाहायला ही रीत उत्तम आहे. पण कणात तांबेच आहे का, हे क्ष-किरण विश्लेषणाने, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्यातून निघणाऱ्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या संकेतावरून, शोधायचे असेल तर तीच घातक ठरते. तांब्याची जाळी स्वतःच तांब्याचा संकेत देते. शिशाचा संकेत ऊर्जेने गंधकाच्या इतका जवळ येतो (शिसे सुमारे 2.34, गंधक सुमारे 2.31 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) की दोन्ही एकमेकांत मिसळतात, ऑस्मियमही फॉस्फरसजवळ तसाच गोंधळ करते. त्यामुळे अशा कामासाठी छेद सोन्याच्या किंवा निकेलच्या जाळीवर, रंजकाविना घ्यावे लागतात. शिवाय द्रवांच्या पायऱ्यांत विरघळणारे आयन धुऊन जातात. म्हणून कणात घट्ट बसलेले तांबे दिसले, याचा अर्थ पेशीतले सगळे तांबे दिसले असा होत नाही. माझ्या मते पदव्युत्तर विद्यार्थ्याला छायाचित्र वाचायला शिकवण्याआधी हे शिकवले पाहिजे.

संत्र्याच्या बागांतला पाचोळा या अभ्यासाला अतिशय योग्य आहे. बोर्डो दीर्घकाळ वापरलेली बाग आणि कधीच न वापरलेली जागा, अशा दोन्हींकडचे, एकाच जातीचे आणि साधारण सारख्या आकाराचे प्राणी घ्यावेत. सोबत त्या त्या जागेचा पाचोळा आणि माती वेगळ्या पिशव्यांत ठेवून तारीख, बागेचे वय आणि शेवटची फवारणी लिहावी. प्राणी जिवंतच प्रयोगशाळेत न्यावेत, आणि ऑस्मियमची वाफ डोळ्यांना इजा करते, म्हणून पुढचे काम धूरकपाटातच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात) व्हावे.