तलावाचा हिशेब नाल्याच्या तोंडाशी

मंडळी, तलाव वाचवायचा म्हटलं की पहिली मोहीम निघते ती जलपर्णी काढायची. फोटो छान येतात, ट्रक भरून जातात, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आज आधी थोडा हिशेब मांडू, कारण त्याशिवाय कोणतं काम आधी करायचं ते ठरत नाही.

तलावाला मिळणारा एखादा नाला घ्या. पाऊस थांबून तीन-चार महिने झाले तरी तो जोरात वाहत असेल, तर ते बहुतेक सांडपाणीच. जिथे त्याची एकच धार पडते तिथे पंधरा लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ती तीन सेकंदांत भरली, तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ४३२ घनमीटर. माणशी ११० लिटर धरले तर सुमारे चार हजार लोकांचं पाणी. मात्र एका मोजणीवर विसंबू नका. सकाळी प्रवाह फुगतो, मध्यरात्रीनंतर अगदी बारीक होतो. दर दोन तासांनी मोजून दिवसाची सरासरी काढा.

घरगुती सांडपाण्यात लिटरला साधारण ५ ते १० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजे शैवाल आणि जलपर्णीचं खतच. सहा धरा. आपला नाला रोज अडीच किलोहून थोडा जास्त फॉस्फरस आणून ओततो. तलाव दहा हेक्टरांचा आणि सरासरी दोन मीटर खोल असेल, तर आठ दिवसांत लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची भर पडते. शैवालाने पाणी हिरवंगार व्हायला एवढं पुरेसं आहे.

आता जलपर्णी. शंभर टन काढली. त्यात सुमारे ९५ टक्के पाणीच, म्हणजे सुका माल पाच टन, आणि त्यातला फॉस्फरस फार तर वीसेक किलो. शंभर टनांची सगळी मेहनत नाल्याच्या आठ दिवसांच्या पुरवठ्याएवढी! शिवाय पोषक पाण्यात ही वनस्पती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काढू नका असं मी म्हणत नाही, पण काढलेली काठावरच टाकली तर ती कुजून सगळं पुन्हा पाण्यात जातं. ती पाणलोटाबाहेरच न्यायला हवी. तलाव शुद्ध करायला म्हणून बसवतात ती कारंजी आणि ओततात ते बाटलीतले जीवाणू यांच्याबद्दल एवढंच सांगतो की फॉस्फरस त्यांनी तलावाबाहेर जात नाही.

नाला बंद केला की तलाव सुधारतो का? सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन सरोवरातून १९६३ ते १९६८ या काळात मैलापाणी वळवलं आणि काही वर्षांतच पाणी निवळलं. ते सरोवर खोल आहे. स्वीडनमधल्या उथळ ट्रुमेन तलावात मैलापाणी बंद करूनही वर्षानुवर्षं सुधारणा दिसली नाही, कारण तळाच्या गाळातला साठलेला फॉस्फरस वर येत राहिला. १९७० आणि १९७१ मध्ये अर्धा-अर्धा मीटर गाळ शोषून काढला, तेव्हा फरक पडला. उथळ तलावात गाळ काढावा लागतो, पण नाल्यानंतर. आधी काढला तर तो पैसा पाण्यात गेला.

गाळ काढतानाच सगळ्यात जास्त नुकसान होतं. यंत्रं काठ सरळ कापतात आणि तलावाची टाकी होते. उथळ काठ गेला की पाणवनस्पती, माशांची पिल्लं, पाणपक्षी, सगळे जातात. काठाचा उतार पाचास एक, म्हणजे पाच मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, किंवा त्याहून सौम्य ठेवा. तळाचा चिकणमातीचा थर फोडला तर पाणी मुरून जातं, म्हणून खोदण्याआधी ठिकठिकाणी भोकं पाडून थराची जाडी बघा. मातीच्या बांधावर झाडं लावायचा उत्साह आवरा. मूळ कुजलं की पोकळी उरते, पाणी तीच वाट धरतं आणि बांध फुटतो.

नाला वळवताना आणखी एक पेच येतो. कित्येक शहरी तलावांना उन्हाळ्यात तेवढंच पाणी मिळतं, ते तोडलं की तलाव कोरडा पडतो. बंगळुरूच्या जक्कूर तलावात म्हणूनच पाणी आधी शुद्धीकरण केंद्रातून, मग पाणथळीतून, मग तलावात असं आणलं. पाणथळीतल्या वनस्पती वेळच्या वेळी कापल्या नाहीत तर तीही गाळाने भरते. नाल्याच्या तोंडाची जाळीसुद्धा तशीच. पहिल्या मोठ्या पावसात ती कचऱ्याने तुंबते, वरच्या वस्तीत पाणी शिरतं आणि कुणीतरी रात्री ती उचकटून टाकतं. दोष त्याचा नाही. पावसाळ्यात रोज कचरा काढायची पाळी लावलेली नसेल, तर जाळी बसवूच नका.

पाण्यातला ऑक्सिजन उजाडायच्या सुमारास मोजा. दुपारी हिरव्या पाण्यात तो भरपूर सापडतो आणि अहवाल उत्तम येतो. मासे मरतात पहाटे. विंकलर पद्धतीने मोजत असाल तर नमुन्याची बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरा आणि त्या चाचणीची दोन्ही रसायनं (मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड) जागेवरच घाला. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाहीच.

नदीसाठी हाच हिशेब प्रत्येक नाल्याच्या संगमाच्या वर आणि खाली करायचा. प्रदूषणाची तीव्रता गुणिले प्रवाह, दोन्ही आकडे हवेत. नुसत्या वासावर जाऊ नका. काळाकुट्ट, नाक दाबायला लावणारा बारीक ओहोळ बघून सगळे तिथेच धावतात. शेजारचा फिकट, रुंद नाला कित्येकदा त्याच्या दसपट घाण आणत असतो. निधी आधी त्या रुंद नाल्यावर लावा.