घर्षणाची वीज आणि कोकणची दमट हवा

श्रोतेहो, नमस्कार.

पौषातल्या पहाटे मतलई वारा सुटलेला असताना अंगातून पॉलिस्टरचा सदरा काढला की चटचट आवाज येतो, आणि अंधार असल्यास बारीक ठिणग्याही दिसतात. तोच सदरा आषाढात काढला तर काहीही घडत नाही. हा फरक हवेतल्या ओलाव्याचा आहे.

घर्षणाने वीज निर्माण होते असे आपण म्हणतो. ते तितकेसे बरोबर नाही. प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण विद्युत्‌भार मुळातच समसमान असतात. दोन निराळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात, आणि घासल्यामुळे टेकणाऱ्या जागा वाढून ही देवघेव कितीतरी पटींनी होते. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी फिरवली की इलेक्ट्रॉन फणीवर येऊन ती ऋणभारित होते, केस धनभारित होतात, आणि ती फणी कागदाचे कपटे उचलते. खोबरेल लावलेल्या केसांवर मात्र हा प्रयोग नीट साधत नाही. आपल्याकडे राळेपासून बनलेल्या एका खड्याला तृणमणी म्हणतात, कारण घासल्यावर तो गवताची काडी ओढून घेतो. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. याच खड्याच्या ग्रीक नावावरून विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 साली जो लॅटिन शब्द योजला, त्यातून पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द आला.

साचलेला भार टिकतो तो वाट न मिळाल्यामुळे. पावसाळ्यात वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो, किनाऱ्यावर त्यात खारही मिसळतो, आणि त्यावरून भार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी असली म्हणजे तो साठत राहतो. बोटाला चटका जाणवतो तेव्हा अंगावरचा दाब साधारण 3000 व्होल्टच्या पुढे गेलेला असतो.

परंतु आपली हवा दमट आहे म्हणून होडीच्या इंजिनासाठी पेट्रोल नेणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. पेट्रोल नळीतून वाहतानाच भारित होते, आणि तेथे बाहेरचा ओलावा उपयोगी पडत नाही. टेम्पोच्या हौद्यात प्लॅस्टिक अंथरलेले असेल तर त्यावरच्या कॅनमधला भार जमिनीत उतरू शकत नाही, आणि पेट्रोलची वाफ पेटायला एक लहानशी ठिणगी पुरते. म्हणून पेट्रोल भरण्यासाठी केलेला कॅनच वापरावा, भरताना तो खाली जमिनीवर ठेवावा, नळीचे धातूचे तोंड कॅनच्या तोंडाला टेकवून धरावे आणि सुरुवातीला धार बारीक सोडावी.