उभं राहिलं की चक्कर, मिसळ खाताना घाम आणि लघवीची घाई: या सगळ्याचा मणक्याशी संबंध काय?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत काही जणांच्या मांडीवर एमआरआयच्या मोठ्या पिशव्या दिसतायत, नंतर दाखवायला आणल्या असणार. मी ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही हं, मी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं ते, शिकवते, तरी बघेन. पण साठीनंतर ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशांचाही एमआरआय काढला तर निम्म्याहून जास्त लोकांच्या रिपोर्टमध्ये कुठे ना कुठे डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलीय, असं लिहिलेलं येतं. तेव्हा एल-फोर एल-फाईव्ह, म्हणजे कमरेचा चौथा-पाचवा मणका, हा शब्द वाचून लगेच घाबरायचं नाही. मला आज त्या फिल्ममध्ये जे दिसतच नाही त्याबद्दल बोलायचंय, कारण कमरेचं सगळे सांगतात पण घाम, लघवी, उभं राहिल्यावर येणारी अंधारी हे डॉक्टरला कोणी सांगत नाही आणि खरं सांगू का, डॉक्टरही फारसं विचारत नाहीत.

थोडी अ‍ॅनाटॉमी, पटकन. मणक्यांच्या आतून जाते ती मज्जारज्जू, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड. आणि ती पार खालपर्यंत जात नाही! कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, कारण लहानपणी हाडं जितकी वाढतात तितकी ती वाढत नाही. त्याच्या खाली नुसत्या नसांचा जुडगा लोंबत असतो, त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हणूनच पाठीतून पाणी काढतात तेव्हा सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये टोचतात, तिथे रज्जूच नसते तर तिला इजा कुठून होणार, लोक उगाच घाबरतात. रज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक नसेला दोन मुळं, मागच्या मुळातून संवेदना आत येते आणि पुढच्यातून स्नायूंना हुकूम बाहेर जातो.

आता गंमत अशी की प्रत्येक नसेकडे कातडीचा एकेक पट्टा वाटून दिलेला असतो. अंगठा मानेच्या सहाव्या नसेकडे, करंगळी आठव्या, बेंबी छातीच्या दहाव्या नसेकडे. आणि आतल्या अवयवांच्या संवेदना याच मुळांतून आत शिरतात, त्यामुळे मेंदूला कळत नाही की दुखतंय ते आत की बाहेर. अपेंडिक्स सुजलं की पहिल्यांदा दुखतं बेंबीभोवती, लोक म्हणतात गॅस झाला, ओवा खातात, मग काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग दुखणं उजवीकडे खाली येतं. हार्टचंही तेच. हृदयाच्या वेदना छातीच्या वरच्या चार-पाच नसांच्या पातळीवर आत येतात आणि हाताच्या आतल्या बाजूची कातडी त्यातल्याच पहिल्या-दुसऱ्या नसेकडे आहे, म्हणून हार्ट अटॅकला डावा हात दुखतो. हाताला काहीच झालेलं नसतं.

हे झालं आपल्याला जाणवतं ते. आता जे न विचारता चालतं ते. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम, मराठीत स्वायत्त मज्जासंस्था. जॉन लँगली नावाच्या केंब्रिजच्या माणसाने १८९८ मध्ये हे नाव दिलं. हिचे दोन मुख्य विभाग. सिंपथेटिक, जो छातीच्या पहिल्यापासून कमरेच्या दुसऱ्या नसेपर्यंतच्या भागातून निघतो, म्हणजे मधला पट्टा. आणि पॅरासिंपथेटिक, जो दोन टोकांतून निघतो, एक डोक्यातून आणि एक पार खाली माकडहाडाच्या वर जे सेक्रम नावाचं हाड असतं तिथल्या नसांतून, सेक्रल दोन ते चार. हे पाठ करायचं नाहीये, पण मधला आणि दोन टोकं एवढं ध्यानात ठेवलं तर कुठल्या मणक्याला मार लागला की काय बिघडेल हे बऱ्यापैकी ओळखता येतं. डोक्यातून निघणारी सगळ्यात मोठी नस म्हणजे व्हेगस, कवटीतून निघून हृदय, फुप्फुस, पोट करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत जाते.

पुस्तकात लिहितात की सिंपथेटिक म्हणजे लढा नाहीतर पळा आणि पॅरासिंपथेटिक म्हणजे आराम. मला हे फार आवडत नाही. मुलं हे घोकतात आणि मग त्यांना वाटतं की एक चालू असताना दुसरं बंद असतं. तसं नाहीये. तुम्ही आत्ता खुर्चीत बसलात तरी दोन्ही चालू आहेत. हृदय स्वतःच्या मर्जीवर सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके टाकतं, व्हेगस सतत त्याला आवरून धरते म्हणून तुमचे ७०-७२ असतात. हार्ट ट्रान्सप्लांटमध्ये नसा कापल्या जातात, म्हणून त्या पेशंटची नाडी बसल्या बसल्या ९०-१०० असते.

व्हेगस हे करते कसं, हे शोधलं ओटो लोवीने, १९२१ साली, ऑस्ट्रियात ग्राझला. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे, रात्री स्वप्नात प्रयोग दिसला, अर्धवट झोपेत कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न, मग उठून थेट लॅबमध्ये. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस चाळवली, ते मंदावलं. त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर टाकलं ज्याला नसच नव्हती, तर तेही मंदावलं. म्हणजे नस विजेने नाही, रसायन सोडून बोलते. तेच असिटिलकोलीन. १९३६ ला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं, आणि दोन वर्षांनी नाझी आले, लोवी ज्यू, त्याला अटक झाली आणि नोबेलचे पैसे नाझींच्या बँकेत वळते करून दिल्यावरच देश सोडू दिला. असो.

हे रसायन आपल्याकडे शेतातही भेटतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची फवारणी करताना ते अंगात गेलं तर असिटिलकोलीन मोडतच नाही, साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस, छातीत पाणी, नाडी मंद. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची शेती गावाला आहे, भाऊबंद फवारणी करतात. असं दिसलं तर कपडे काढून अंग धुवायचं, स्वतः हातमोजे घालून, आणि ताबडतोब हॉस्पिटल. तिथे अ‍ॅट्रोपीन देतात, ते याच असिटिलकोलीनला अडवतं.

आता मिसळ. ठाण्यात येऊन मामलेदारचं नाव नाही घेतलं तर पाप लागेल. तिखट मिसळ खाल्ली की कपाळाला घाम, नाक वाहतं, डोळ्यात पाणी. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या अशा रिसेप्टरला लागतं जो खरं तर उष्णता ओळखायला असतो, मेंदूला वाटतं भाजलं, आणि तो थंड करायला घाम सोडतो. घाम सिंपथेटिकचा, नाक आणि लाळ पॅरासिंपथेटिकची, दोन्ही एकाच वेळी, एकाच प्लेटवर. म्हणून म्हटलं, एक चालू दुसरं बंद असं नसतं. पण एक ऐका, जुना डायबिटीस असेल आणि साधं जेवतानाही तोंडावर धो धो घाम येत असेल आणि पाय मात्र कोरडे, टाचा फुटलेल्या, तर ते तिखटाचं नाही, नसांचं दुखणं आहे.

उभं राहण्याचं घ्या. तुम्ही झोपेतून उभे राहता तेव्हा अर्धा लिटरच्या वर रक्त पाय आणि पोटात खाली उतरतं. घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरमध्ये पंप जरा मंदावला की पहिल्यांदा वरच्या मजल्याचं पाणी जातं, तसं इथे मेंदूचं जातं. मानेतल्या रक्तवाहिनीत प्रेशर मोजणारे सेन्सर आहेत, ते एक-दोन ठोक्यांत खबर देतात, व्हेगस हात सैल करते, सिंपथेटिक पायाच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि तुम्हाला काही कळतही नाही. वय झालं, डायबिटीस किंवा पार्किन्सन्स असला, किंवा प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर हे आवळणं कमी पडतं. घरी तपासता येतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरला दाखवायचंच. गोळी मनाने बंद करायची नाही, हे मला परत परत सांगावं लागतं कारण इथून घरी गेल्यावर कोणीतरी करतंच.

डायबिटीसमध्ये लांब नसा आधी जातात, म्हणून पाय आधी बधिर होतात आणि व्हेगसही लवकर धरली जाते. बसल्या जागी नाडी सारखी ९५-१०० आणि चाललं तरी फार वाढत नाही, थोडं जेवलं की पोट तासन्‌तास भरलेलं, ही लक्षणं. आणि हृदयाच्या वेदना सिंपथेटिक नसांबरोबर वर जातात, त्याच नसा गेल्या की अटॅक येतो आणि छातीत दुखतच नाही, नुसती धाप, घाम, मळमळ. काकू म्हणतात पित्त झालंय.

लघवी. लाजू नका, इथे सगळे एकाच वयाचे आहेत. पिशवी भरेपर्यंत सिंपथेटिक तिला सैल ठेवतं, सोडायच्या वेळी सेक्रल दोन ते चार तिला आवळतं, आणि सगळ्यावर मेंदूचा हात असतो, थांब, अजून बाथरूम आलं नाही म्हणून. वयानुसार तो हात ढिला पडतो म्हणून घाई होते. आणि प्रोस्टेट मोठं असलेल्या काकांनी सर्दीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेतली की त्याच रात्री लघवी अडू शकते, कारण त्या गोळ्यांमधली काही औषधं पिशवीला ढिली पाडतात आणि काही तोंडाशी आवळतात.

पण कंबरदुखीबरोबर जर दोन्ही पाय कमजोर झाले, बसायच्या जागेची कातडी बधिर झाली, म्हणजे धुताना हात लागलेला कळत नाही, किंवा लघवी होतच नाही, तर तो कॉडा इक्वायना दबलाय. तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. मालिश नाही, ट्रॅक्शन नाही, सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट नाही. त्या रात्रीच हॉस्पिटल.

आपल्या सांगलीचे मुरलीकांत पेटकर माहिती असतील, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिक्सचं सुवर्ण आणलं, भारताचं पहिलं. लोकांना त्यांचे पाय दिसतात. पण पहिल्या महायुद्धात मणका तुटलेले बहुतेक सैनिक पायामुळे मेले नाहीत, लघवीच्या इन्फेक्शनने आणि बेडसोअर्सने मेले. १९४४ पासून इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी काय केलं, तर पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, लघवीची काळजी घ्यायला लावली आणि मग खेळायला लावलं. पॅरालिम्पिक्स तिथूनच निघालं.

घरात कोणाला छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेली असेल तर हे नीट ऐका. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मुडपला आणि मूत्राशय तुंबलं की खालचं सिंपथेटिक सुटतं, बीपी दोनशेच्या वर जाऊ शकतं, डोकं फुटतं, चेहरा लाल, घाम, आणि वरून मेंदू आवर आवर म्हणतो पण निरोप खाली पोचतच नाही. अशा वेळी आडवं करायचं नाही! उठवून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर सरळ करा, उतरलं नाही तर अँब्युलन्स.

प्रश्न घेऊ. हां, काका, रील्समध्ये व्हेगस जागी करायचे उपाय, बर्फ तोंडावर मारणं वगैरे? बर्फाच्या पाण्यात तोंड घातलं की नाडी मंदावते हे खरंय, पण त्याने बीपी चढतं, हार्टवाल्यांनी घरी करू नये. सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडणं लांब, हे चालेल, श्वास सोडताना व्हेगस जोर धरते आणि नाडी उतरते, मनगटावर बोट ठेवून बघा. मान दाबून मसाज मात्र अजिबात नको, ते प्रेशरचे सेन्सर तिथेच आहेत, काही जण तिथल्या तिथे कोसळतात.

आणि काकूंचा प्रश्न, रात्री बाथरूममध्ये हे पडतात ते का? झोपेतून ताडकन उठून उभ्याने लघवी केली, पिशवी एकदम रिकामी झाली, बीपी घसरलं. काकांना सांगा, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या आवळायच्या, मग उठायचं, आणि रात्री बसूनच करायची. कमोडशेजारी भिंतीला एक हँडल लावून घ्या, आणि तो टीव्हीखालचा सैल गालिचा उचला आधी.