टोपीवर झाडलेला शेंडा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आज शेवंतीवर बोलू. पॉलिहाउसातली नव्हे, उघड्या रानातली. एप्रिल-मेमध्ये लावलेली झाडं आता कळीवर येतायत, दसरा तोंडावर आलाय, आणि पानावर एक डाग दिसला की आपला हात लगेच फवारणी पंपाकडे जातो. माझं आज एकच सांगणं आहे. पंप भरण्याआधी पान उलटून बघा. पुन्हा सांगतो, पंप भरण्याआधी पान उलटून बघा.

हे मला शिकवलं आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या आक्कांनी. पुरंदर तालुक्यात आमचं रान. त्या वर्षी मी 10 गुंठे राजा शेवंती लावली होती, पांढरी. श्रावणाची झड सरली आणि चांगली उघडीप पडली. कांद्याला घेतलेला तुषार संच रिकामाच होता. दिवसा वीज नसायची, म्हणून मी तो संध्याकाळी शेवंतीवर चालवायला लागलो. पंधरा दिवसांत पानांवर काळपट गोल ठिपके आले. मग ठिपक्याला ठिपका मिळाला, पानं पिवळी पडून काळी झाली, आणि गळायचं सोडून खोडालाच लोंबकळत राहिली.

मी तालुक्याला जाऊन किडीची दोन औषधं आणली. एक मारलं, आठवड्यानं दुसरं मारलं. ठिपके वाढतच गेले. तिसऱ्यांदा पंप पाठीवर घेतला, तेव्हा आक्का बांधावरून हाक मारत आल्या.

"कशावर मारतोयस रं?"

"किडीवर, आक्का. पानं काळी पडत्यात."

"कीड बघितलीस का डोळ्यानं?"

मी गप्प. आक्कांनी माझ्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून घेतली. एका झाडाचा शेंडा टोपीवर धरला आणि बोटानं टकटक झाडला. मग दुसरा, मग तिसरा. टोपी माझ्यापुढं केली. "बघ. काय चालतंय का, पळतंय का?" थोडी धूळ होती, बाकी काही नाही. फुलकिडे असते तर बारीक पिवळट काडीसारखे पळाले असते, कोळी कीड असती तर ठिपक्याएवढी दिसली असती. टोपी कोरी होती.

मग त्या वाफ्यात बसल्या. खालचं पान उलटलं, वरचं पान उलटलं. "खालनं वर चाललंय हे. मातीपास्नं उडालंय. वरचा शेंडा बघ कसा हिरवागार हाय. किडाच न्हाई, तर किड्याचं औषध कुणासाठी मारतोस? आन् ते पाणी आधी बंद कर. रातभर पानं भिजत ठेवल्यावर दुसरं काय हुणार?"

त्याच संध्याकाळी तुषार काढले. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं वाफ्यात उतरली. जमिनीपासून वीतभर उंचीची पानं काढली, पोत्यात भरली, रानाबाहेर नेऊन जाळली. पाणी सकाळी, पाटानं, बुडाशी. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोनदा. बांधाकडचे चार वाफे हाती लागले नाहीत. बाकीच्यांनी दसऱ्याला फूल दिलं. पहिल्या तोड्याची परडी मी पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला धाडली नाही, आक्कांच्या देवाला नेऊन दिली.

हा पानावरचा ठिपक्याचा रोग बुरशीचा. ती पडलेल्या पानांत राहते आणि पाण्याच्या थेंबाबरोबर उडून खालच्या पानाला लागते. म्हणून खालून वर. लक्षात ठेवा, रोग खालून वर.

मावा ही कीड याच्या उलट. ढगाळ, गार हवा सुटली की काळा मावा कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर दाटीनं बसतो. पान चिकट लागतं, मुंग्यांची रांग चढते. थोडा असेल तर शेंडा खुडा, 5 टक्के निंबोळी अर्क मारा. त्यात ठिपक्यांचे लाल किडे, म्हणजे ढालकिडे, फिरताना दिसले तर हात आवरा, ते मावाच खातात. मावा आणि नागअळीच्या (पानात नागमोडी रेघा काढणाऱ्या अळीच्या) माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे. फुलं उमलली असतील तर मधमाश्या फिरत असताना फवारू नका. ऊन उतरल्यावर मारा, पण अंधार पडायच्या आत पान वाळलं पाहिजे.

मधमाश्यांवरून आठवलं. दसऱ्याला दारावर प्लास्टिकच्या फुलांचं तोरण बघितलं की माझा जीव तुटतो. शेवंतीला वास आहे, ती सुकते, मातीला मिळते. निदान देवाच्या दाराला तरी खरं फूल बांधा.

आता मर रोग. बुडाशी ओल असूनही झाड माना टाकतं, कधी एकाच अंगानं पिवळं पडतं. ते मुळासकट उपटा, जागेवर शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी द्या, आणि त्या तुकड्यात पुढच्या वर्षी शेवंती लावू नका.

त्या झाडाच्या काश्याही, म्हणजे लागवडीसाठी घेतात ते बुडाशी फुटणारे कोंब, घ्यायच्या नाहीत. नव्या रानात रोग जातो तो बहुतेक वेळा आपल्याच काश्यांबरोबर. म्हणून फुलं अंगावर असतानाच रानातून फिरा, निरोगी झाडांना रंगीत दोरा बांधा, आणि पुढच्या लागवडीला काश्या त्याच झाडांच्या घ्या. दोरा आत्ताच बांधा. तोडे संपून छाटणी झाली की चांगलं झाड कुठलं आणि रोगट कुठलं, ते ओळखू येत नाही. नमस्कार.